वाचक विचारतात : धुऱ्यावरचा वाघ, घरात सगळं दिसणारे मामाजी आणि इतर पत्रं

(ग्रामीण रुग्णालयातून नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या ताई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. पत्रं थोडी आवरून छापली आहेत.)

ताई, मी सिंदेवाही तालुक्यातला कास्तकार. धानाची शेती, वावर जंगलाला लागून. दिवाळीनंतर गावात दवंडी झाली का वाघ फिरून राहिला, एकट्यानं वावरात जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी अन् पुतण्या पुंजणं पाहायला गेलो. धुऱ्यावर वाघ बसून होता. मान, पाठ, पट्टे, सारं मले दिसलं. मी पुतण्याले हात धरून मागं ओढलं. तो म्हणे, काका, ते तणस आहे. खरंच हलक्या धानाच्या तणसाचा भारा होता, वर जुनं पोतं. दुपारी मीच ठेवला होता. पुतण्या त्याच दिवशी नागपूरवरून आला होता, त्याले दवंडीचं माहीत नव्हतं. मी तालुक्याले जाऊन डोळे तपासले तर ६/६ निघाले. मंग मले वाघ काहून दिसला? अंगणात असेच भारे पडून राहतात, तिथं कधी दिसला नाही.

भाऊ, तुमचे डोळे ६/६ आहेत म्हणजे नेमकं काय, तेवढं आधी सांगते. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जे अक्षर वाचता यायला हवं ते तुम्हाला येतं. बस, एवढंच. हर्मन स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये हा तक्ता काढला. त्यातली अक्षरं अशी मांडतात की त्यांचा शब्द होऊ नये. शब्द झाला की माणूस दोन अक्षरं पाहतो आणि तिसरं अंदाजानं सांगून मोकळा होतो. आपल्याला तपासायचा असतो डोळा, हुशारी नव्हे. आमच्या शिबिरांत लोक रांगेत उभ्या उभ्या पुढच्याचं ऐकून वरच्या ओळी पाठ करून यायचे. मग मी ओळ शेवटून उलटी वाचायला लावायची. की लगेच अर्ध्यांची नजर "कमी" व्हायची.

सांगायचं काय, तर तपासणीच्या खोलीत आम्ही वस्तूच्या आजूबाजूचं सगळं काढून टाकतो. पांढऱ्या फळीवर काळं अक्षर, एकटं. वावरात कुठलीच वस्तू अशी एकटी नसते. ती धुऱ्यावर असते, तिच्या मागे झुडपं असतात, वर कलती उन्हं असतात, आणि तुम्ही ती "इथं काय असू शकतं" या हिशेबासकट पाहता. तो हिशेब मेंदू तुम्हाला न विचारता करतो.

हे मापून पाहिलेलं आहे. स्टीफन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी स्वयंपाकघराचं रेखाचित्र दाखवायचं, मग अगदी क्षणभर एकच वस्तू. डबलरोटी दाखवली तर सुमारे ८० टक्के वेळा लोकांनी ती बरोबर ओळखली. मग त्याच स्वयंपाकघरानंतर टपालपेटी दाखवली. आपली लाल पेटी नव्हे. अमेरिकेत घरापुढे खांबावर असते ती, वरून गोलसर, आकारानं थेट डबलरोटीच. बरोबर उत्तरं ४० टक्क्यांच्या आसपास आली. टपालपेटी ओळखू न येण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिचं ठिकाण चुकलं होतं, आणि त्या ठिकाणी शोभणारी दुसरी वस्तू तिच्यासारखी दिसत होती.

त्याआधी १९७२ मध्ये अर्व्हिंग बीडरमन यांनी आणखी गमतीचं काम केलं होतं. रस्त्याचा, दुकानाचा, घराचा फोटो घ्यायचा, त्याचे सहा तुकडे करायचे आणि तुकड्यांची जागा अदलाबदल करायची. जी वस्तू विचारायची तिचा तुकडा मात्र मूळ जागीच, सरळ, जसाच्या तसा. तरी ओळख मंदावली. नेमकं कुठे पाहायचं हे आधी सांगितलं तरीही. वस्तू तीच, डोळ्यावर पडणारं तिचं चित्र तेच, नुसता शेजार विस्कटला.

तुमचा धुरा आता या हिशेबात बसवा. अंगण म्हणजे भाऱ्यांचं ठिकाण, तिथं भारा भाराच दिसतो. जंगलाला लागून धुरा, वेळ सांजेची, त्यात आदल्या दिवशी दवंडी : हे ठिकाण वाघाचं झालं. बैठ्या वाघाएवढा, पिवळट, काड्यांच्या मधे काळ्या सावल्या पडलेला एक ढीग तिथं होताच. बाकीची मान आणि पाठ तुमच्या मेंदूनं पुरवली. तुम्ही म्हणता "पट्टे दिसले", त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते खोटं नव्हतं.

बुजगावण्याचं पाहा ना. काठीवर उपडं गाडगं ठेवलं तर ते गाडगंच. त्याच्याखाली सदरा घातला की लांबून डोकं दिसायला लागतं, आणि हा माणूस इकडेच पाहतोय असंही वाटतं. अमेरिकेत २००४ मध्ये पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनवर हेच पाहिलं. चेहरा इतका पुसट केला की नुसता ठिपका उरला. तो ठिपका खांद्यांच्या वर, योग्य जागी असला की मेंदूतला चेहरे ओळखणारा भाग जागा होतो. धडापासून हलवून दुसरीकडे नेला की तो भाग तसा चेतत नाही. चेहरा ठिपक्यात नव्हताच, खालच्या खांद्यांनी तो आणला.

इथं एक भांडण आहे आणि ते तुमच्या कामाचं आहे. अँड्र्यू हॉलिंगवर्थ आणि जॉन हेंडरसन यांनी १९९८ मध्ये म्हटलं की ठिकाणामुळे माणसाला *जास्त चांगलं दिसतं* असं या प्रयोगांतून सिद्धच होत नाही. माणूस फक्त अंदाज त्या बाजूला झुकवतो. त्यांनी उत्तराला दोन असेच पर्याय दिले की दोन्ही त्या जागी सारखेच शोभावेत, म्हणजे अंदाजाचा फायदा उरला नाही. तेव्हा ठिकाणाचा उपयोगही दिसेना. पुढे २००४ मध्ये डॅव्हनपोर्ट आणि पॉटर या दोघींनी खऱ्या फोटोंवर, ८० मिलिसेकंद दाखवून, वस्तूचं नाव विचारलं. तेव्हा विसंगत पार्श्वभूमीवर ओळख खरंच घसरली. माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी होतात. उजेड चांगला आणि वस्तू मोठी असली की ठिकाणाला फारसं कोणी विचारत नाही. वस्तू लहान, लांब, पुसट झाली की ठिकाणच बोलायला लागतं.

आणि सांजेला सगळंच पुसट होतं. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी असतात, त्यांना उजेड लागतो. उजेड उतरला की दंडपेशी काम हातात घेतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि बारकावाही कळत नाही. वाघाचा केशरी आणि तणसाचा पिवळा, दोन्ही मातकट होतात. त्यात गंमत अशी की पडद्याच्या अगदी मधल्या बिंदूवर दंडपेशी नसतातच. म्हणून अंधारात एखाद्या वस्तूकडे जितकं रोखून पाहाल तितकी ती नाहीशी होते. जरा बाजूला नजर ठेवली तर बरी दिसते. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पुरता सरावायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. घरातल्या ट्यूबलाइटखालून उठून थेट जागलीला निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता पुतण्या. त्याला तणस दिसलं म्हणून त्याची नजर तुमच्यापेक्षा चांगली असं समजू नका. त्याच्यासाठी तो धुरा नुसता धुरा होता. तिथं खरंच वाघ असता, तर तोही त्याला पहिल्या नजरेत तणसच दिसण्याचा धोका होता. तुमची चूक झाली तर घरचे हसतील. त्याची चूक झाली तर काय होतं ते आपल्या भागात सांगायला नको. पऱ्हाटीत, तुरीत, गावाला लागलेल्या कोठ्याच्या मागे, जिथं "इथं कशाला येईल" असं वाटतं, तिथलं जनावर लोकांना उशिरा दिसतं. मला भीती त्या चुकीची आहे.

म्हणून करायचं एवढंच. सांजेनंतर बॅटरीशिवाय जायचं नाही. उजेड पडला की डोळ्याला अंदाजाची गरज कमी पडते. दोघांनी जायचं, मोठ्यानं बोलत जायचं. काही दिसलं तर ओळख पटवायला जवळ जायचं नाही. तोंड तिकडेच ठेवून हळूहळू मागे यायचं, पळायचं नाही, खाली बसायचं नाही. मोहफुलं वेचताना किंवा तेंदूपत्ता तोडताना वाकलेल्या माणसांवर हल्ले होतात त्याबद्दल वन्यजीवांचे जाणकार सांगतात की वाकलेला माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतो. तेव्हा हा घोळ एकट्या माणसाचा नाही. आणि तो भारा तेवढा धुऱ्यावरून उचला.

मॅडम, आम्ही आर्वी तालुक्यातले. माझे मामाजी पंच्याहत्तरीच्या पुढचे. घरात सगळं स्वतः करतात. आंघोळीचं पाणी घेतात, कोठ्यात जाऊन ढोरांना कडबा टाकतात, दारातून कोण आलं ते नाव घेऊन सांगतात. मागच्या महिन्यात नणंदेच्या नव्या फ्लॅटवर नागपूरला गेलो. तिथं फ्रीजला कपाट समजून त्यात दुपट्टा ठेवून आले, आणि खालच्या वॉचमनला जावई समजून "कधी आले?" म्हणाले. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन करा म्हणाले. घरी परतल्यावर मामाजी पुन्हा ठणठणीत. "मले सारं दिसते, पैसे वाया घालवू नका." मिस्टर म्हणतात बाबा नागपूरला नाटक करत होते. खरं काय?

बाई, नाटक नागपूरला नव्हतं आणि घरीही नाही. घरात मामाजींना पाहावं लागतच नाही, नुसतं जुळवावं लागतं. दारात सायंकाळी साडेसहाला जो उंच पुसट आकार येतो तो मोठा मुलगा. चुलीशेजारी जे पांढरं चमकतं ते पाण्याचं गुंड. कोठ्यात डावीकडचं काळं ते म्हैस. जागा, वेळ, चाल, आवाज, एवढ्यावर नाव पक्कं होतं. डोळ्याकडून फक्त "काहीतरी आहे" एवढी खबर आली तरी भागतं.

किती थोडक्यात भागतं हे अमेरिकेतल्या एमआयटीतल्या अँटोनियो टोराल्बा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. फोटो लहान करत करत ३२ आडवे आणि ३२ उभे ठिपके एवढाच ठेवला. आजच्या मोबाइलवर एका फोटोत लाखो ठिपके असतात. तेवढ्याशा रंगीत डागांतूनही लोक हे स्वयंपाकघर, हा रस्ता असं सांगत होते, आणि त्यातल्या कितीतरी वस्तूंची नावंही. त्याच चित्रातून एखादी वस्तू कापून एकटी दाखवली, तर ती काय आहे ते कोणाच्या बापाला सांगता येत नाही. मामाजींचं घर म्हणजे पूर्ण चित्र. नागपूरचा फ्लॅट म्हणजे त्यातले सुटे डाग.

मी नोकरीत असताना हे इतकं पाहिलं की पुढे पुढे मी पेशंटच्या घरच्यांना "यांना घरात दिसतं का" हा प्रश्नच विचारायचं सोडलं. विचारायची, "लग्नाला गेल्यावर कोणाला चुकून भलत्याच नावानं हाक मारतात का? नवीन ठिकाणी पायरी चुकते का?" मोतीबिंदू हळूहळू येतो आणि माणूस तितक्याच हळूहळू घराच्या आधारानं निभावून नेतो. शेवटी एक दिवस घरच्यांनी पलंग इकडचा तिकडे केला की म्हातारा धडपडतो, कमरेचं हाड मोडतं, आणि मग सगळे म्हणतात एकाएकी नजर गेली.

मिस्टरांची समजूत पटवायची असेल तर एक करा. मामाजींना घराबाहेर, ओळख नसलेल्या जागी बसवा. एक डोळा तळव्यानं झाका, दाबू नका. कोणी काही न बोलता चार-पाच पावलांवर एकेक वस्तू धरा, आणि त्या जागी नसाव्यात अशाच निवडा : ओसरीवर कढई, झाडाखाली उशी. आवाज नको, कारण गुंडावर नख वाजलं की ते लगेच ओळखतील. मग दुसरा डोळा.

"पिकू द्या, मग काढू" हे जुनं झालं. आताच्या ऑपरेशनला मोतीबिंदू पिकायची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला कठीण जातो आणि कधी कधी डोळ्यात दाब वाढून नजरच जाते. जिल्हा रुग्णालयात आणि शिबिरांत ऑपरेशन मोफत होतं, तेव्हा पैशाचंही कारण उरत नाही. तोवर घरातलं एकही सामान हलवू नका. आणि दिवाळीची सफाई असली तर मामाजींना आधी सांगून करा.

ताई, मी गोंदिया जिल्ह्यातल्या आश्रमशाळेत नववीत आहे. आमच्या सरांच्या मोबाइलमध्ये फोटोवरून वस्तू ओळखणारं ॲप आहे. आम्ही बकरीच्या पिल्लाचा गवतातला फोटो काढला तर बकरी सांगितलं. तेच पिल्लू गादीवर बसलं होतं तेव्हा कुत्रा म्हणालं. मशीनलाही भास होतो का?

बाळा, प्रश्न झकास आहे. मशीन लाखो फोटो पाहून शिकतं. त्या फोटोंत बकऱ्या बहुतेक गवतात असतात आणि गादीवर बसलेली जनावरं बहुतेक कुत्री-मांजरं. मग मशीन जनावराबरोबर गवत आणि गादीही पाठ करतं. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत सारा बीअरी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच दाखवलं : कुरणातली गाय मशीन झटकन ओळखे, समुद्रकिनाऱ्यावरची गाय त्याला ओळखू येईना. जंगलातल्या कॅमेऱ्यांचंही तसंच. एका जागचे फोटो दाखवून शिकवलेलं मशीन दुसऱ्या जागी त्याच जनावरांत जास्त चुकायचं.

तुला किनाऱ्यावर गाय दिसली तर तू हसशील, पण गायच म्हणशील. तरी फार फुशारू नकोस. २०१७ मध्ये मिगेल एकस्टाइन आणि सहकाऱ्यांनी लोकांना न्हाणीघराच्या चित्रात दात घासायचा ब्रश शोधायला सांगितला. बेसिनमागे एक ब्रश नेहमीपेक्षा कितीतरी मोठा ठेवलेला होता. पुष्कळ लोकांच्या नजरेतून तो सुटला, कारण ब्रश एवढा मोठा नसतो हे त्यांना ठाऊक होतं. मशीनच्या नजरेतून तो तसा सुटला नाही. सरांना सांग, पुढच्या वेळी पिल्लाचे गादीवर, ओट्यावर, शाळेच्या बाकावर फोटो काढा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा. विज्ञान प्रदर्शनाला चालेल.

ताई, दिग्रस तालुक्यातून लिहिते. माझ्या मोठ्या मायनं डोळ्याचे थेंब समजून चप्पल चिकटवायचा गोंद डोळ्यात टाकला. दोन्ही बाटल्या लहान, पांढऱ्या, देवळीत शेजारी ठेवल्या होत्या. डोळा आता ठीक आहे. पण तिला वाचता येतं, चष्मा आहे, तरी असं कसं झालं? सगळे तिला बोलून राहिले.

ताई, तिला बोलणं आधी बंद करा. ज्यानं गोंद देवळीत ठेवला त्याला बोला. देवळीत रोज हात घालून जी लहान पांढरी बाटली निघते ती थेंबांची, असं हातानं आणि डोळ्यानं ठरवून टाकलेलं असतं. नाव वाचायची वेळच येत नाही. अशा केसेस आमच्याकडे नव्या नव्हत्या, आणि त्यांतले सगळेच काही अडाणी नव्हते.

कोणाचं असं झालंच तर पापण्या ओढून उघडू नका. भरपूर स्वच्छ पाणी सोडत राहा आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, यातलं काहीही डोळ्याजवळ नेऊ नका.

याहून मोठी काळजी मला फवारणीच्या औषधाची आहे. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून घरात ठेवणारे कास्तकार मी पाहिले आहेत. स्वयंपाकाच्या फळीवर कोल्ड्रिंकची बाटली दिसली की लहान पोर काय समजणार? तिथं "विष" अशी चिठ्ठी लावूनही पुरेसं होत नाही, कारण चिठ्ठी वाचायच्या आधी बाटली ओळखलेली असते. औषध त्याच्या मूळ डब्यातच राहू द्या, आणि डबा घराबाहेर, कुलपात. गोंद हत्यारांच्या पेटीत.

मोठ्या मायच्या थेंबांच्या बाटलीला जाड सुती दोरा गुंडाळून ठेवा म्हणजे अंधारातही बोटांना कळेल. उघडल्याची तारीखही त्यावर लिहा. बहुतेक थेंब उघडल्यावर महिनाभरानं टाकून द्यायचे असतात.